फुला, तुझ्या गटाचा पुरस्कार

फुला,

रविवारी संध्याकाळी तुझा कार्यक्रम होता. तुझी सुजाता सकाळीच येऊन सांगून गेली, "मावशी, आईचा कारेक्रम हाये आज, येजो." मी हो म्हटलं आणि दिवसभर न जाण्याची कारणं शोधत बसले. गुडघा दुखतो म्हणावं तर ती तेलाची बाटली घेऊन आली असती. घरी पाहुणे येणार म्हणावं तर आपल्या गावात कोणाकडे कोण येणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. शेवटी उन्हं उतरायच्या आधीच मी साडी बदलून तयार होते.

वाटेत दोघींनी विचारलं, फुलाच्या घरी आज बुद्धवंदना आहे का म्हणून. तू गेल्याला महिना होत आला, तेव्हा त्यांचं विचारणं बरोबरच होतं. नाही, टीव्हीवर सिनेमा आणि मालिकांचे पुरस्कार आहेत, असं मी सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. मी नुसती मान हलवली आणि पुढे निघाले.

पण तुझा कार्यक्रम तोच. वर्षातून एकदा यायचा आणि त्या दिवशी तू शेतावर असलीस तरी लवकर घरी यायचीस. भात-वरण आधीच उरकायचीस. मी येईपर्यंत दार लोटलेलं नसायचं, पण सुजाताच्या बापाला बाहेर ओसरीवर बसवलेलं असायचं, कारण त्याला मध्ये मध्ये बोलायची सवय. बोलायचा हक्क तुझा एकटीचा होता. पोंभुर्ण्याच्या बाजारात भाजीवाल्याशी जितकं बोलायचीस, त्याच्या दुप्पट त्या टीव्हीशी बोलायचीस.

हे सगळं सुरू झालं माझ्या एका शब्दावरून. आठवतं? तुझ्या घरी नवा टीव्ही आला होता, तो बघायला म्हणून मी आले. लागलं होतं हेच. निवेदिका म्हणाली, सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री. तू ताटातला घास तसाच ठेवून विचारलंस, सहाय्यक म्हणजे काय. माझं लक्ष त्या निवेदिकेच्या दागिन्यांकडे. मी आपलं सांगून टाकलं, सहाय्यक म्हणजे मदतनीस.

तू ताट खाली ठेवलंस.

"म्हंजे मदतनीसाले बी देतेत?"

आता मी अंगणवाडीची सेविका आणि तू माझी मदतनीस. शासनाच्या कागदावर आपलं नातं तेवढंच. मी रजिस्टर भरायचं, लेकरांची वजनं लिहायची, मोबाईलवर माहिती चढवायची, पर्यवेक्षिका आली की उभं राहून उत्तरं द्यायची. तू झाडायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची आणि घरोघरी फिरून लेकरं गोळा करून आणायची. मदतनीसाला कोणी पुरस्कार देत असेल हे तुझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या संध्याकाळी आलं, आणि ते काही केल्या बाहेर निघेना.

मी नंतर किती वेळा समजावलं. म्हटलं, फुला, तो सिनेमा आहे. सहाय्यक म्हणजे नायिकेच्या खालोखाल जिचं काम मोठं ती. तू म्हणालीस, मंग थेच तर सांगून राह्यली मी. तेव्हापासून तो तुझा गट झाला. 'आपल्या गटाचं आलं का?' असं तू विचारायचीस. नायिका कोण, नायक कोण, सिनेमा कोणता, याच्याशी तुला काही देणंघेणं नव्हतं. चार चौकटींत चार बायांचे चेहरे दिसले की तू पदर खोचून पुढे सरकायचीस आणि एकेकीची तपासणी करायचीस. हिनं नायिकेला काय मदत केली? चूल पेटवली का? लेकरू सांभाळलं का? ती रडत होती तेव्हा ही कुठी होती?

आणि मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी तुझ्या गटाचा पुरस्कार एका खाष्ट सासूला मिळाला. तिनं त्या मालिकेत सुनेला घराबाहेर काढलं होतं, दुधात काहीतरी कालवलं होतं, मुलाचं दुसरं लग्न ठरवलं होतं. ती मंचावर आली, हसत हसत बक्षिसाची बाहुली हातात घेतली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. तू रागानं उभीच राहिलीस.

"इनं काय मदत केली ओ बाई? इनं तं त्या पोरीले घास सुदा खाऊ देल्ला नाई. अन् इले मदतनीसाचं बक्षीस?"

मी हसून हसून बेजार झाले आणि त्यामुळे तू आणखी चिडलीस. पुढे कितीतरी दिवस आपण चुलीवरच्या खिचडीच्या गंजाजवळ तेच भांडत होतो. मी म्हणायची, अभिनय चांगला केला म्हणून मिळालं. तू म्हणायचीस, अभिनयाचा पुरस्कार वेगळा द्या, मदतनीसाच्या नावावर काऊन देता. मी म्हणायची, खलनायिका नसेल तर नायिकेचं दुःख कळणार कसं. तू म्हणायचीस, असं असंन तं उद्या मी लेकराईची खिचडी सांडवतो, म्हंजे तुले बी दुःख कळंन आन् मले बक्षीस मिळंन. हे भांडण आपलं मिटलं नाही. खरं सांगू का, मला ते मिटवायचंही नव्हतं.

तुझी मतं तरी किती. सर्वोत्कृष्ट सून निवडली की तू विचारायचीस, सासूले इचारलं का? हरलेल्या बायांचे हसरे चेहरे पडद्यावर दाखवले की तू तोंड फिरवायचीस. हे तुला मुळीच पटायचं नाही. हरलेल्या माणसाला जरा वेळ एकटं सोडावं, त्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये, हे तुझं म्हणणं मला आजही पटतं. एकदा सूत्रसंचालकानं गंमत म्हणून आपल्याकडचं बोलून दाखवलं, काऊन बे, कुठी चालला बे, आणि सगळा हॉल लोळून हसला. मीसुद्धा हसले. तू नाही हसलीस. तू म्हणालीस, त्यानं तर साधं कुठी चालला एवढंच विचारलं, त्यात हसण्यासारखं काय होतं. आणि टीव्हीचा आवाज कमी केलास.

आणि गेलेल्यांचं यायचं तेव्हा तू उभी राहायचीस. वर्षभरात जे कलावंत गेले, त्यांचे फोटो एकामागून एक सरकतात, मागे हळू आवाजात संगीत असतं, तो भाग. तुमच्या समाजात शोकसभेला जसं सगळे उभे राहून आदरांजली देतात, तशी तू टीव्हीसमोर हात खाली सोडून उभी राहायचीस. मलाही उभं करायचीस. ओसरीवर बसलेल्या सुजाताच्या बापालाही हाक मारायचीस. त्यातली बरीचशी नावं आपल्याला माहीतही नसायची. एखादा प्रकाशयोजना करणारा, एखादा वेशभूषेचा, कोणी जुन्या नाटकांतला. एकदा मी म्हटलं, अगं, हा कोण ते तरी कुठे ठाऊक आहे आपल्याला. तू पडद्यावरून नजर न काढता म्हणालीस, मेला ना थो. तेवढं बस झालं तुला. फोटो फार भरभर सरकतात याचा मात्र तुला राग यायचा. नाचाला इतका वेळ देता, या लोकांना जरा थांबू द्या की.

पण मला आज विचारायची आहे ती गोष्ट वेगळीच. बक्षीस घेताना बाया भाषण करतात ना, आईचे आभार, दिग्दर्शकाचे आभार, प्रेक्षकांचे आभार, ते तुला फार आवडायचं. कोण कोणाचं नाव घेतं आणि कोणाचं गाळतं, याकडे तुझं बारीक लक्ष. तेव्हा मी एकदा गमतीनं विचारलं होतं, फुला, तुला उद्या मदतनीसाचं बक्षीस मिळालं तर कोणाकोणाचं नाव घेशील? तू बराच विचार केलास. बाबासाहेबांचं पहिलं, म्हणालीस, त्याशिवाय तोंडच उघडणार नाई. मग तुझ्या आईचं. मग त्या लेकरांचं, सगळ्यांचं. मी म्हटलं, आणि माझं?

"तुहं घीन का नाई, थे स्टेजवर गेल्यावर ठरवीन."

दर वर्षी मी विचारलं. दर वर्षी हेच उत्तर. कधी तुझं माझ्याशी बिनसलेलं असलं तर म्हणायचीस, औंदा तं मुळीच नाई. कधी मी तुझ्यासाठी चंद्रपूरहून काही आणलेलं असलं तर म्हणायचीस, इचार करतो. हसण्यावारी नेलं मी. पण खरं सांगते, मला हवं होतं. एवढी वर्षं एका चुलीवर खिचडी शिजवली आपण, एका पत्र्याखाली पावसाळे काढले, मला ते ऐकायचं होतं. आता कोणाला विचारू?

तू गेल्यावर लोक माझ्यासमोर तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी शोकसभेत एकानं उभं राहून सांगितलं की पंचफुलाबाईंनी मदतनीस म्हणून निष्ठेनं सेवा केली. सगळं खरंच होतं. पण मला त्यात तू कुठे दिसेनास. निष्ठेनं सेवा केलेली बाई वेगळी आणि तू वेगळी. तू पर्यवेक्षिकेच्या समोर माझ्या चुका काढणारी. तू मोहफुलाच्या दिवसांत नाल्यापलीकडच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत जाऊन बायांबरोबर तासन्‌तास मोहफुलं वेचत बसणारी आणि मी ओरडले की सांगणारी, बाई, लेकरू मागायच्या आधी त्याच्या आईसोबत बसा लागते. मोठ्या तपासणीच्या दिवशी त्या खिचडीत मीठ दोनदा पडलं होतं, आठवतं का? तू ते दुसरं मीठ माझ्या नावावर टाकायचीस. माझं अजूनही म्हणणं आहे की तूच टाकलंस. साहेब लोकांनी एक एक घास घेतला आणि सगळ्यांनी एकदम पाण्याचा पेला उचलला, तेव्हा तू पडद्याआड तोंडात पदर कोंबून उभी होतीस. तुझे खांदे हलताना मला दिसत होते. माझी नोकरी जायची वेळ आली होती आणि मीही हसू दाबत उभी होते.

तुझ्या जागी आता तात्पुरती एक नवी मुलगी आली आहे. चांगली आहे. सांगितलं ते ऐकते, मॅडम म्हणते, मीठ एकदाच टाकते. मला ते सहन होत नाही. परवा तिनं जुडीतली पानं खुडून सांबार चिरून ठेवला, बारीक, नीट, आणि मी उगाचच तिच्यावर खेकसले. तू कधी नीट चिरला नाहीस. देठासकट तोडून टाकायचीस आणि म्हणायचीस, लेकरं काय देठं मोजून राह्यले का. घरी येऊन मी फार रडले, फुला. माणूस गेल्यावर रडू येतं हे मला ठाऊक होतं, पण कोथिंबिरीवरून येईल असं वाटलं नव्हतं.

आणि तो दवाखाना. तुला छातीत कळ आली तेव्हा आधी पोंभुर्ण्याला नेलं, तिथून चंद्रपूरला. सुजाता रात्री राहायची, दिवसा मी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी डबा घेऊन आले तर वॉर्डाच्या दारावरच्या माणसानं अडवलं. नवीन होता. एका पेशंटजवळ एकच, तेही नातेवाईक. तुम्ही कोण, म्हणाला. सेविका म्हणावं तर त्याला काय कळणार. शेजारीण म्हणावं तर आपली घरं गावाच्या दोन टोकांना. बहीण म्हणावं तर आडनाव विचारील. मैत्रीण हा शब्द आपण दोघींनी कधी वापरलाच नाही, तो टीव्हीतल्या बायांचा. मी डबा हातात घेऊन तशीच उभी होते. दाराजवळच तुझी खाट. तू मान वर केलीस. नाकाला नळी, आवाज बसलेला, पण त्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या जोरानं बोललीस.

"मदतनीस हाये थे माही. येऊ द्या तिले."

त्या माणसाला वाटलं असणार, पैसे देऊन ठेवलेली बाई. त्यानं लगेच वाट दिली. मी आत आले ती तावातावानंच. म्हटलं, मी तुझी मदतनीस काय गं? एवढी वर्षं मी सेविका आणि तू मदतनीस, आणि आज उलटं? तू डब्याकडे बोट दाखवलंस. "मंग? खिचडी कोन आनून राह्यली?" आणि डोळे मिटलेस. ओठांच्या कडेला हसू होतं, मला दिसलं.

मी तुला चार घास भरवले. तू आणखी नको म्हणालीस. बसमध्ये येताना मला त्यावर उत्तर सुचलं. चांगलं उत्तर होतं, ऐकलं असतंस तर हसली असतीस. मी ठरवलं, उद्या गेल्या गेल्या म्हणायचं, मदतनीस म्हणतेस ना, मंग माहं बक्षीस कुठी हाये? बसमध्ये एकटीच हसत होते मी. पहाटे सुजाताचा फोन आला.

तर रविवारी मी गेले. सुजातानं तुझ्या जागेवर चटई घातली नव्हती, ती जागा मोकळी ठेवली होती. तुझा नवरा यावेळी आत येऊन बसला होता. त्याला आता कोणी बोलू नको म्हणणारं नाही, तरी तो बोलत नाही. मला त्याच्याकडे बघवेना. मी टीव्हीकडेच बघत राहिले.

नाच झाले. जुनेच विनोद झाले. एका निवेदिकेनं घातलेलं काहीतरी तुला मुळीच आवडलं नसतं, तू तिला अंगावर शाल घ्यायला सांगितलं असतंस. सर्वोत्कृष्ट सून झाली. मी मनात तुझा प्रश्न विचारला, सासूले इचारलं का. मोठ्यानं विचारायचं धाडस झालं नाही. सुजातानं मात्र विचारलं. अगदी तुझ्या सुरात, आणि मग तीच रडायला लागली.

मग तो शब्द आला. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री. चार चौकटी, चार चेहरे. मी सवयीनं तपासायला लागले, हिनं काय मदत केली, ती कुठे होती. त्यातली एक या वर्षीच्या सिनेमात नायिकेच्या आजारपणात तिच्या उशाशी बसलेली दाखवली. डबा घेऊन आलेली. छोटासाच तुकडा होता, लगेच गेला. पाकीट उघडलं, नाव घेतलं, आणि त्याच बाईचं घेतलं. ती रडत मंचाकडे निघाली. फुला, तेव्हा मला तुझी खाट दिसली आणि दारातला तो माणूस दिसला. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते तू केव्हाच केलं होतंस. तुझ्या आयुष्यात तुला मंच मिळाला नाही, वॉर्डाचं दार मिळालं, आणि तिथे चार लोकांदेखत तू माझं काम सांगितलंस. तुझ्या गटात घेतलंस मला. तुझ्याकडे त्याहून मोठं काही नव्हतं द्यायला. मी मात्र त्यावर उलट उत्तर शोधत बसले.

मी उठून उभी राहिले. टीव्हीसमोर, हात खाली सोडून, गुडघा दुखत होता तरी. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलं नाही.

सुजातानं माझा पदर ओढला. "मावशी, बस ना. गेलेल्याईचं अजून याचं हाये."

"थ्याच्यासाठी नाई उभी झाली मी," मी म्हटलं. "माहं नाव पुकारलं तुह्या आईनं."